तारिमाखालची पेटी

"आजची तालीम गाव मरेपर्यंत विसरणार नाही, बघच तू!" फिदेन्सियोने बायकोला छातीठोक सांगितलं. गाव विसरलं नाही हे खरं. पण का विसरलं नाही, ते ऐका.

कांदेलारियाचा सण दुसऱ्या दिवशी होता. सणाच्या फांदांगोत, म्हणजे आमच्या गाण्या-नाचण्याच्या मैफलीत, दामासोकाकांच्या शेजारी बसून हाराना वाजवायला मिळाली की माणूस वादक झाला असं नदीकाठची सगळी गावं मानतात. काका वादकांचे म्होरके, रागीट, कानाचे तिखट. फिदेन्सियो चार वर्षं मागच्या रांगेत आपली ती इवलीशी गिटार खाजवत होता. "तुझं वाजवणं असून नसून सारखंच," असं काका एकदा चारचौघांत म्हणाले. झालं! गड्याच्या काळजात ते रुतून बसलं.

मग त्याने शहरातून एक पेटी आणली, बाजाची नव्हे, विजेवर चालणारी. आमच्याकडे ढोल नाही. तारिमा नावाच्या लाकडी चौथऱ्यावर बायका टाचा आपटून नाचतात, तोच ढोल. पेटीने त्या टाचा ऐकायच्या, त्यांच्याखाली डिस्कोचा धमधमाट भरायचा आणि ऐकलेलं सगळं फिरून फिरून वाजवायचं! काकांना विचारलं असतं तर त्यांनी पेटीसकट ह्याला नदीत बुडवला असता. म्हणून भर दुपारी गाव जेवायला बसलेलं असताना ह्याने तारिमाची एक फळी काढली, पेटी आत सारली आणि फळी पुन्हा ठोकून टाकली. सगळी बटणं मोबाइलमध्ये. केवढं डोकं!

चार वाजता तालीम सुरू झाली. तारिमावर पहिली चढली चोनामावशी. काकांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, आणि गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी हृदय तपासून नाच बंद केलेला. मागून आणखी पाच जणी चढल्या. फिदेन्सियोने खिशातल्या खिशात बटण दाबलं.

धम्म! धम्म!

"हे काय रे?" काकांनी मान वळवली.

"फळ्या वाळल्यात, काका! कडक ऊन आहे!"

बायकांच्या अंगात वारं शिरलं. काकांचाही पाय हलायला लागला. फिदेन्सियोला तर शेजारची खुर्ची दिसायलाच लागली. मग काका ओरडले, "ऊना!"

काकांनी "ऊना!" म्हटलं की पुढच्या ठेक्याला सगळ्यांनी एकदम थांबायचं, ही आमची रीत. सगळे थांबले. पेटी थांबली नाही.

फिदेन्सियोने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मोबाइल म्हणाला, यंत्र सापडत नाही! ह्याच्या पाठीवरून घामाची धार लागली.

आता आमची दुसरी रीत. वाजतंय तोवर तारिमा रिकामी सोडायची नाही. त्यामुळे बायका पुन्हा नाचू लागल्या. अर्ध्या मिनिटात तारिमाखालून खुद्द काकांचा आवाज आला, "ऊना!" सगळ्या थांबल्या. पेटी वाजतच राहिली. सगळ्या पुन्हा नाचू लागल्या.

"माझा आवाज!" काका पांढरेफटक पडले. "अरे, मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही!"

पाचही जणी एकेक करून धापा टाकत उतरल्या. एकटी चोनामावशी राहिली. ओठ निळसर पडलेले, केसांतली फुलं गळून पडलेली. तिची एक सून तिच्या जागी चढायला गेली.

"शिवू नकोस मला!" मावशी गरजली.

"ताई, उतर! तुला माझी शपथ!" काकांचा आवाज चिरकला.

फिदेन्सियोला आता खुर्चीबिर्ची काही दिसेना. आपल्या हातून म्हातारी जाणार, एवढंच दिसत होतं. त्याने हाराना खाली टाकली आणि तारिमाकडे धावला.

"मावशी, थांबा हो! खाली पेटी आहे! मीच ठेवलीय! यंत्र आहे ते, त्याला दम लागत नाही!"

"तू?" काका.

"मारा मला, पण आधी ह्यांना उतरवा! त्याशिवाय फळी निघायची नाही!"

"यंत्र असो नाहीतर सैतान!" मावशी नाचता नाचता म्हणाली. "माझ्याआधी त्याला थांबावं लागेल!"

"ऊना!" पेटी ओरडली.

"गप्प बस!" म्हणत मावशीने सगळं अंग तोलून जशी टाच हाणली, तशी फळी कडाडली आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला.

सगळं शांत. पेटी शांत, मावशीही शांत. मान खाली, डोळे मिटलेले. काका हळूच पुढे झाले. "ताई?"

मावशीने डोळे उघडले, पाय सोडवून घेतला आणि झगा झटकला.

"ऊना," ती म्हणाली. "पाणी आणा कोणीतरी. आणि तू रे मेल्या, ठेका चांगला होता."

पाणी आलं, मावशीला खुर्ची मिळाली, ओठांवर रंग परतला. काकांनी फुटक्या फळीतून पेटीचे तुकडे उपसले आणि फिदेन्सियोसमोर येऊन उभे राहिले. ह्याने डोळे मिटून गाल पुढे केला.

"उद्या सणाला माझ्या शेजारी बसायचं."

"शेजारी? खरंच, काका?" ह्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अगदी चिकटून," काका म्हणाले. "तुझे दोन्ही हात मला सारखे दिसले पाहिजेत."