जुनामा चालस का?

आमच्या देवपूरच्या ऑफिसात नवं वेबपेज तयार झालं, की जयवंत नाना आधी टेबलाखालचा खटारा कॉम्प्युटर सुरू करायचे. त्यातला ब्राउझर त्यांनी वर्षानुवर्षं अपडेट केला नव्हता. पान उघडेपर्यंत ते मांडीवर हात ठेवून वधूपित्यासारखे बसत. आणि विचारत, "जुनामा चालस का?" जुन्यात चालतं का? आम्ही त्यांना पाठीमागे 'जुनामा' म्हणायचो.

मुलींच्या एका वसतिगृहाचा प्रवेशअर्ज मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिला. कोडच्या क्लासमधल्या ज्या मेथड, म्हणजे आतली कामं करणारे छोटे तुकडे, बाहेरून कुणी वापरू नयेत, त्यांच्या नावाआधी हॅशचं चिन्ह टाकलं. प्रायव्हेट मेथडची ही सोय नवी होती आणि मला ती मिरवायची होती.

नानांच्या पडद्यावर अर्ज उमटलाच नाही. नुसता पांढरा पडदा.

"याला हॅश कळत नाही," नाना म्हणाले. "एका चिन्हावर अडतो न् बठ्ठी फाईल सोडून देतो, एक ओळही चालवत नाही. हॅश काढ, अंडरस्कोर लाव. मेथड खासगी आहे हे वाचणाऱ्याला कळलं, बस झालं."

"नाना, असला ब्राउझर आता फक्त तुमच्याकडे आहे."

ऑफिसचे मालक हसले. अर्ज तसाच गेला.

शेवटची तारीख उलटल्यावर वसतिगृहातून फोन आला. खेड्यांतल्या काही मुलींना जुन्या मोबाईलवर पांढरं पानच दिसलं होतं. त्यांचे प्रवेश हुकले.

"तपासायचं काम कुणाचं होतं?" मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं. नानांना त्याच दिवशी काढलं आणि खिडकीजवळची त्यांची खुर्ची मला मिळाली.

पंधरा दिवसांनी मी माफी मागायला त्यांच्या खोलीवर गेलो. नाना फोनवर होते. समोर वसतिगृहातून मागून आणलेली त्या मुलींची यादी होती.

"बेटा, फॉर्मवाला नाना बोलस. चूक मनीच व्हती, माझीच. दुसऱ्या वसतिगृहाचा अर्ज मी भरून देतो, तू फक्त सही कर."

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. "हां बेटा, जेवनू," ते म्हणाले.

मग भिंतीकडे पाहत मला म्हणाले, "ही रोज विचारते, जेवलात का म्हणून. तुझी काकू गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं."

मी माफी मागण्याआधीच त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. "एकीचा नंबर लागत नाही. तू लावून पाहा."

लागला. "कोण?" पलीकडून मुलीने विचारलं.

"नानांकडून बोलतोय," मी म्हणालो. माझं नाव मी तेव्हाही सांगितलं नाही.