चोवीस कडांची डबी

माझ्या बायकोने अंतराळात जायचं ठरवलं तेव्हा माझी काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती एवढीच, की ती भावोजींबरोबर चालली होती.

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. दातांचे डॉक्टर. आवाज असा की भुलीचं इंजेक्शन द्यायच्या आधीच पेशंट बधिर होतो. या दोघांना टीव्हीवरच्या एका अंतराळ मालिकेचं वेड आहे. एक कॅप्टन, एक इंजिनियर बाई आणि त्यांचं सतत बिघडणारं यान. गेली कित्येक वर्षं दर शनिवारी संध्याकाळी साडू-मेहुणीसकट सगळे आमच्याकडे जमतात आणि एकच भाग थांबवून थांबवून बघतात. मी पण बघतो. म्हणजे, सुरुवातीचं संगीत बघतो. पुढचं ऐकू येतं, पण डोळे मिटलेले असतात.

यंदा शहरातल्या सभागृहात या मालिकेच्या वेड्यांचा मेळावा होता, आणि वेषभूषेची स्पर्धा. अट एकच, पोशाख पडद्यावर दिसतो तसा हुबेहूब पाहिजे. परीक्षक म्हणे फोटो आणि फूटपट्टी घेऊन येतात. भावोजी कॅप्टन होणार होते आणि आमची ही इंजिनियर.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही या ना बघायला," ती म्हणाली. पोराला समजावतात त्या सुरात.

आता या मालिकेची गंमत अशी, की ती बनवणाऱ्यांनी सगळी शस्त्रास्त्रं घरातल्याच वस्तूंपासून बनवली होती. कॅप्टनची किरण-बंदूक म्हणजे तोंड कापलेला हेअर ड्रायर. हवेतलं विष शोधायचं यंत्र म्हणजे उलटी धरलेली साबणाची डबी. त्यामुळे खरे भक्त कापड शिवत बसत नाहीत, नेमकी ती वस्तू, नेमक्या त्या मॉडेलची शोधत फिरतात. आमच्या घरात हा शोध सुरू झाला आणि घर कमी होऊ लागलं. गाडीच्या काचेला उन्हासाठी लावायचा चंदेरी पडदा गेला, त्याचं इंजिनियरचं जाकीट झालं. एका सकाळी मी आज्ञाधारकपणे कपडे मशीनमध्ये टाकले, बटण दाबलं आणि पेपर वाचत बसलो. दहा मिनिटांनी पेपर खालून ओला व्हायला लागला.

"अगं, मशीन गळतंय!"

"गळणारच! पाईप कुठाय त्याला?"

"कुठाय?"

"माझ्या पाठीवर!" ती मागे वळली. करड्या वळ्यांचा पाईप खांद्यापासून कमरेपर्यंत छान लोंबत होता. "भावोजींनी ओळखला. पडद्यावर अर्धा सेकंद दिसतो, पण त्यांची नजर म्हणजे नजर!"

मी पाणी पुसत होतो. गुडघ्यांवर बसून फरशी पुसणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या नजरेचं कौतुक ऐकावं, याला फार मोठं मन लागतं. ते माझ्याकडे नाही.

फोन तर दिवसाला चार. मी बाहेरच्या खोलीत, ती स्वयंपाकघरात, आणि माझ्या कानावर निम्मंच संभाषण.

"हो, छाती नीट मोजून घ्या... नाही हो, यांना काय कळतंय... मग उद्या येते ना मी क्लिनिकवर, लगदा गरम असतानाच बसवू..."

मी आत गेलो. "कुणाची छाती?"

"चिलखताची! दातांचा साचा घेतात ना, त्या लगद्यात भावोजी चिलखत ओतताहेत. काय डोकं आहे!"

मला तिच्या तोंडून 'काय डोकं आहे' शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना. (नंतर आठवलं. मी कपाटावर आपटलो होतो तेव्हा म्हणाली होती.)

पण एका वस्तूने भावोजींनाही घाम फोडला होता. त्या यानातला 'ऊर्जाकोश'. पट्ट्याला लावलेली करडी गोल डबी, कडेने उभ्या चोवीस कडा, मधे खोलगट. ही वस्तू मुळात कसली, हे जगातल्या एकाही भक्ताला ओळखता आलं नव्हतं. कुणी म्हणे अत्तराच्या बाटलीचं बूच, कुणी म्हणे मोटारीचा भाग. भावोजी दोन महिने झुरत होते. बायकोने त्या डबीचा मोठा फोटो छापून फ्रिजवर लावला होता.

एका सकाळी मी दूध काढायला फ्रिजपाशी गेलो, चष्मा पुसून घातला, आणि तसाच उभा राहिलो. मी ती डबी ओळखली.

कारकुनाशिवाय कुणाला ओळखू येणार! कागद मोजताना, पाकिटं चिकटवताना बोट ओलं करायला टेबलावर ठेवतात ती स्पंजची डबी होती ती. स्पंज काढलेली. आमच्या ऑफिसात पूर्वी टेबलाटेबलावर असायची.

त्याच क्षणी सांगून टाकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी ठरवलं, नुसतं सांगायचं नाही. खरीखुरी डबी आणून तिच्या हातात ठेवायची. तिने 'वा!' म्हणायचं. आणि तेव्हा भावोजी समोर पाहिजेत.

स्टेशनरीवाल्याकडे गेलो. त्याने निळी, चौकोनी डबी पुढे केली.

"करडी नाही? गोल? चोवीस कडांची?"

"ते मॉडेल कधीच बंद झालं, साहेब. कडा मोजून डबी घेणारं गिऱ्हाईक मात्र पहिलंच."

म्हणजे आता एकच डबी उरली होती. आमच्या आवक-जावक बाईंची.

आवक-जावक बाई आमच्या ऑफिसात आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद ठेवतात. त्यांच्या टेबलावरची टाचणीसुद्धा न विचारता कुणी उचलत नाही. मी निळी नवी डबी घेऊन गेलो आणि मधाळ आवाजात म्हणालो, "बाई, तुमची डबी फार जुनी झालीय. ही घ्या, माझ्याकडून."

बाईंनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रजा हवीय?"

"नाही."

"मग काय चुकलंय?"

"काहीच नाही."

"मग घेऊन जा."

सरळ मार्ग संपला. जेवणाच्या सुट्टीत बाई हात धुवायला गेल्या आणि मी ती डबी उचलून पँटच्या खिशात घातली. आयुष्यातली पहिली चोरी. अनुभव नसल्यामुळे एक बारीकशी गोष्ट लक्षात आली नाही, की डबीत स्पंज होता आणि स्पंजात पाणी.

लक्षात आलं तेव्हा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. मी फाईल छातीशी धरून उभा होतो. साहेबांची नजर बोलता बोलता खाली गेली आणि तिथेच थांबली. मीही खाली पाहिलं. करड्या पँटवर, अत्यंत गैरसोयीच्या जागी, बशीएवढा डाग पडला होता आणि पसरत होता.

फाईल थोडी आधी खाली घ्यायला हवी होती.

"बसा," साहेब हळुवारपणे म्हणाले. मग खुर्चीच्या गादीकडे बघून, "नाही, उभेच राहा. घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो साहेब. हे पाणी आहे."

"असणारच. लाजू नका, या वयात होतं. माझ्या मोठ्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. मी एका डॉक्टरांचा नंबर देतो. अर्ध्या दिवसाची रजा घ्या."

'साहेब, खिशात चोरलेली डबी आहे' हे सांगणं आणि आजार कबूल करणं, यात मी आजार निवडला. नंबर घेतला, आभार मानले, फाईल योग्य त्या उंचीवर धरून बाहेर आलो. दाराशी आवक-जावक बाई उभ्या होत्या.

"माझी डबी गेलीय," त्यांनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "सापडेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही."

सगळे आपापल्या टेबलाखाली बघू लागले. मीही बघू लागलो. वाकल्याबरोबर खिशातून उरलेलं पाणी पायावरून बुटात उतरलं. बाईंनी माझा डाग पाहिला. बाकीच्यांसारखं त्यांनी तोंड फिरवलं नाही. त्या निरखून बघत राहिल्या.

"गोल आहे," त्या म्हणाल्या. "चला बाजूला."

रेकॉर्डरूममध्ये, फायलींच्या ढिगाआड मी सगळं सांगितलं. मालिका, ऊर्जाकोश, पाईप, लगदा, छाती. मी म्हणालो, "बाई, घरात दिवसभर त्यांचंच नाव. ती माझ्यावर रागावत नाही, भांडत नाही, सगळं वेळच्या वेळी करते. पण माझ्याकडे बघून तिचे डोळे असे चमकत नाहीत हो. एकदा चमकावेत, बस."

बोलता बोलता मला डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. खाली ओलं होतंच, आता वरही झालं.

बाईंनी विचारलं, "साडू दिसायला कसे आहेत?"

"उंच आहेत."

"केस?"

"आहेत."

बाईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि एक उसासा सोडला. "घेऊन जा डबी."

"सोमवारी नक्की परत करतो!"

"तुमच्या खिशात होती ना? मग नको परत."

मी घरी तरंगतच आलो. तो मेळाव्याचा आदला दिवस होता. भावोजी आमच्याकडे चिलखत घालून बसले होते, ताई, म्हणजे मेहुणी, चहा घेत होत्या. मी डबी टेबलावर ठेवली. स्पंज काढलेली, धुतलेली, पुसलेली.

बायको उठली. फ्रिजवरचा फोटो ओढून काढला, डबीशेजारी धरला. एकेक कड मोजू लागली. वीस... बावीस... चोवीस.

"अहो!" ती म्हणाली. "अहो, कुठे मिळाली?"

"ओळखली," मी शक्य तितक्या सहज म्हणालो. "नजर लागते."

"वा!" ती म्हणाली. खरंच म्हणाली! डोळेही चमकले, मी पाहिले. एवढ्याचसाठी तर मी चोर झालो होतो, रोगी झालो होतो.

"लाव ना मग," मी म्हणालो. "तुझ्या पट्ट्याला."

"माझ्या? अहो, इंजिनियरला कुठला ऊर्जाकोश! हा कॅप्टनचा!"

आणि तिने डबी उचलली, भावोजींसमोर वाकली आणि त्यांच्या पट्ट्यावर, अगदी पोटाच्या मधोमध, बसवली. भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला मिठी मारली. चिलखत टणक होतं. माझा चष्मा वाकडा झाला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मी ताईंशेजारी बसलो होतो. परीक्षक फूटपट्टी घेऊन आले, हेअर ड्रायर मोजला, पाईप मोजला, आणि पट्ट्यापाशी येऊन जे थबकले ते तिघे मिळून खालीच बसले. पहिलं बक्षीस जोडीने मिळालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. वर व्यासपीठावर माझी बायको आणि माझी डबी दोघीही भावोजींबरोबर होत्या.

मला राहवलं नाही. "ताई, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"कसलं?" ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसल्या. "अय्या, तुम्ही जळताय की काय? कमालच आहे! आमचे हे तर तुमच्यावर जळतात."

मी ताठ बसलो. "माझ्यावर? डॉक्टर?"

"कितीतरी वर्षं."

माझ्या डोळ्यांपुढून एकेक गोष्ट गेली. माझी बुद्धी. माझा शांत स्वभाव. कदाचित साक्षात माझी बायको. "कशावरून, ताई?"

"तुमच्या दातांवरून. म्हणतात, सगळ्या नातेवाइकांचे दात माझ्या हाताखालून गेले, पण या माणसाला कधी एक कीड नाही. काय बत्तिशी आहे! तुमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते तेवढंच बघतात."

दात तर दात! मी संध्याकाळभर हसत होतो. ओळख नसलेल्यांकडे बघूनही हसत होतो. चहापानाच्या वेळी भावोजी समोर आले तेव्हा तर मी मुद्दाम, दोन्ही बाजूंच्या दाढा दिसतील असा हसलो आणि ताटलीतलं सगळ्यात कडक बिस्कीट उचलून, त्यांच्या डोळ्यांसमोर, मागच्या दाढेने कडाड्कन फोडलं.

आवाज बिस्किटाचा नव्हता.

क्षणभर मला माझ्याच डोळ्यांपुढे तारे दिसले, तेही इतके हुबेहूब की परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं असतं. कॅप्टननी मला तिथेच खुर्चीत बसवलं, कमरेची विजेरी काढली (ही मात्र खरीच विजेरी निघाली) आणि दोन बोटं माझ्या तोंडात घातली. भोवती पाच-सहा परग्रहवासी जमले.

"अरेरे," भावोजी म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण मी शपथेवर सांगतो, थोडासा आनंदही होता. "दाढ उभी तडकलीय. आणि बाकीच्या सगळ्या झिजल्यात! तुम्ही झोपेत दात खाता वाटतं? एवढा कुणाचा राग आहे?"

बायको चंदेरी जाकिटात काळजीने वाकून बघत होती. "काही गंभीर नाही ना?"

"छे. दाढेला टोपी बसवू. मी स्वतः साचा घेईन, स्वतः ओतीन. अशी हुबेहूब बसेल की खरी कुठली, कुणाला ओळखता येणार नाही."

"बघा!" तिचे डोळे लखलखले. "भावोजींच्या हाताला तोडच नाही. हो की नाही हो?"

भावोजींची दोन बोटं माझ्या तोंडात होती. मी जिवाच्या आकांताने "आ" एवढंच म्हणालो, आणि तिला तो होकार वाटला.