मार्थाबाईंचा हॉल

मार्थाबाई भेटल्या की आधी तुमचं मनगट धरायच्या. नाव, गाव, ख्यालीखुशाली सगळं नंतर. नाडी बघता बघता तोंडाकडं निरखून पाहायच्या आणि निकाल द्यायच्या, "जेवला न्हाईस." हिंगोलीच्या बाजारात हळदीचा भाव करताना त्यांनी व्यापाऱ्याचंही मनगट पकडलेलं मी पाहिलंय. बिचाऱ्यानं घाबरून भाव उतरवला.

दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण अख्खं गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं.

माझी त्यांची गाठ पडली रेल्वे स्टेशनवर, दोन हजार सालाच्या आसपास. मी आणि माझे दोन दोस्त प्लॅटफॉर्मच्या दिव्याखाली बारावीचा अभ्यास करायचो. घरी एकच खोली आणि माणसं भरपूर. सिस्टर कुणाला तरी गाडीत बसवून परतत होत्या. माझं मनगट धरून म्हणाल्या, "हितं काहून बसून राहिले रे?"

"घरी जागा न्हाई, सिस्टर."

"चर्चमागचा हॉल रिकामा हाय की."

"पण आमी तर बौद्ध, सिस्टर."

"मी अभ्यासाला बोलवून राहिले, लग्नाला न्हाई."

रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर सिस्टर मंडळीसमोर उभ्या राहिल्या. आम्हा तिघांना नमुना म्हणून दारात उभं केलं होतं. हॉल म्हणजे गळके पत्रे, मोडके बाक आणि कबुतरंच कबुतरं. तरी एक आजोबा उठलेच. "देवाच्या घरात पोरं धिंगाणा घालतील!"

"घालू द्या," सिस्टर म्हणाल्या. "आता कबुतरं घालूनच राहिलीत."

पाळकसाहेबांना हसू आवरलं नाही. तिथंच परवानगी मिळाली.

मग पत्रे बदलले. मोडक्या बाकांची टेबलं झाली. खराटे आम्ही मारले. रहीममिस्त्री चुना द्यायला आला, तीन भिंती झाल्या, आणि चौथ्या भिंतीच्या झरोक्यात कबुतरीची अंडी निघाली.

"काम बंद," सिस्टर म्हणाल्या.

"कबूतर के वास्ते, सिस्टर?"

"बाळंतीण हाय ती. तिच्या अंगावर चुना उडवतो का?"

मिस्त्री रोज यायचा, शिडीवरून डोकावायचा, सिस्टरच्या हातचा चहा पिऊन निघून जायचा. आमची परीक्षा जवळ आलेली आणि हॉल अजून बंदच. पिल्लं उडाली त्या दिवशी पेढे कुणी आणावेत? मिस्त्रीनंच.

हॉल सुरू झाला. एका बाजूला टेबलं, दुसऱ्या बाजूला कॅरम. सगळ्या गल्ल्यांतली पोरं-पोरी येऊ लागली. त्याच टेबलावर मी बारावी काढली, मग डी.एड. केलं. आज शिरड शहापूरला मास्तर आहे. ते टेबल नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

सिस्टर रोज संध्याकाळी येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायच्या, ते कुलूप लावेपर्यंत. एवढ्या गलक्यात म्हातारीचं डोकं उठत असेल, असं आम्हाला वाटलं. म्हणून एके दिवशी आम्ही कॅरम व्हरांड्यात नेला आणि आत सगळे कुजबुजत वाचू लागलो.

सिस्टर आल्या, बसल्या, इकडंतिकडं बघू लागल्या. "काय झालं रे? कुणी गेलं काय?"

"न्हाई, सिस्टर. तुमाला तकलीफ नको म्हणून…"

त्या म्हणाल्या, "सारा जन्म वॉर्डात गेला माझा. लेकरं रडायची, बाया भांडायच्या. आता घरी भांडं पडलं तरी ते माझ्याच हातून पडलेलं असतं."

मग माझा एक दोस्त उठला आणि व्हरांड्यातून कॅरम आत घेऊन आला. डाव मांडला. थोड्याच वेळात राणीवरून भांडण लागलं, कुणी टेबलावर हात आपटला, कुणी सोंगट्या उधळल्या. मी वळून पाहिलं. सिस्टरची मान एका बाजूला कलली होती. गाढ झोपल्या होत्या.

एक पोरगी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करायला उठली. मी तिला खुणेनंच खाली बसवलं.