पोटमाळ्यावरचं सगळं माझंच

“आई, मशीनवाले खाली आलेत. आता ऐन वेळी नाही म्हणू नकोस हां,” सीमाने मोबाइल पर्समध्ये टाकत बजावलं.

मालनबाई चहा गाळत राहिल्या. लालबागच्या चाळीतल्या या खोलीत नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत होत्या. सोबतीला खोकला. पोटमाळा इतका गच्च भरला होता की पंखा लावला की वरून धूळ झरायची, जात्यातून पीठ झरावं तशी. शेवटी लेकीने निर्वाणीचं सांगितलं होतं, “घर साफ कर, नाहीतर कायमची माझ्याकडे कांजूरला चल.” कांजूरला लिफ्ट होती, गार हवा होती, पण मजल्यावरची सगळी दारं बंद. बंद दाराआड राहायच्या कल्पनेनेच मालनबाईंचा जीव घाबरा व्हायचा. म्हणून त्या साफसफाईला कबूल झाल्या होत्या. फक्त माळ्याला हात लावू नका म्हणाल्या, आणि सीमाला नेमका माळाच साफ करायचा होता.

कंपनीची माणसं आली. निळे टीशर्ट, तोंडाला मास्क आणि हत्तीसारखी सोंड असलेलं मशीन. गॅलरीत चाळ गोळा झाली. काहींनी हातात ओले कपडे तरी घेतले होते. बाकीचे उघड उघड बघायलाच आले होते. मालनबाईंच्या ओठांवर नकळत ओवी आली,

“धूळबाई आली गं, पाहुणी माझ्या घरी
चहा नाही प्याली, पण बसली माळ्यावरी”

“तिलाच घालवायला आलोय आजी,” सुपरवायझर राजरत्न शिडी चढत म्हणाला. “पण आमच्याकडे रूल आहे. मालकाला विचारल्याशिवाय चिंधीसुद्धा टाकत नाही. हे कोणाचं?”

त्याच्या हातात लोखंडी डंबेल होते.

मालनबाईंनी गॅलरीकडे पाहिलं. शेजारचा निलेश एकाएकी आभाळ न्याहाळू लागला होता.

“माजे,” त्या म्हणाल्या.

“डंबेल तुझे?” सीमाचे डोळे मोठे झाले.

“गुडघ्यांक बरे.”

मग चादरीत गुंडाळलेला डग्गा उतरला.

“हा?”

“माजो.”

“आई, तू तबला कधी शिकलीस?”

“तबला खंय? नुसतो डग्गो. एकट्या माणसाक तेवढो पुरे.”

गॅलरीत पलीकडच्या खोलीतल्या शामरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

खरी गोष्ट अशी की त्या माळ्यावर एक पातेलं आणि एक सतरंजी सोडली तर मालनबाईंचं काहीच नव्हतं. चाळीतल्या खोल्या लहान, घरातली माणसं जास्त आणि सगळ्यांचे हात सगळ्या कपाटांत. घरच्यांपासून जे लपवायचं ते चाळकरी गुपचूप इथे आणून ठेवत. “कुणाला सांगू नका हां, काकी!” काकींनी ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, मग पोटच्या लेकीला कसं सांगणार?

खोक्यातून पैठण्या निघाल्या, घडीही न मोडलेल्या. “माज्योच.” जन्मभर सुती लुगड्यांत वावरलेल्या आईकडे सीमा बघतच राहिली. मशीनचा आवाज थांबला. ते बंद कोणी केलं ते कळलं नाही. पण सगळ्यांना नीट ऐकायचं होतं. तेवढ्यात राजरत्नने एक काळाभोर, मधोमध भांग पाडलेला केसांचा टोप बाहेर काढला.

“आजी, हा तर जेन्ट्स आहे.”

“थंडीत लागता माका.”

आता मात्र सीमा हसलीही नाही आणि चिडलीही नाही. तिने आईचा हात हातात घेतला आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, “आई, आज वार कुठला गं?”

“गुरुवार. कित्याक?”

उत्तर बरोबर असूनही सीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने खुंटीवरची पिशवी काढली आणि आईची लुगडी भरायला घेतली. “दादा, ते सगळं टेम्पोत टाका. मी आईला आजच घेऊन जाते. हिला एकटं ठेवून चालणार नाही.”

मालनबाई खाटेवर बसल्या. पिशवी भरत होती.

“थांब, सीमा!” शामराव उंबरठा ओलांडून आत आले. “डग्गा माझा आहे.”

“तुमचा?” मागून त्यांच्या बायकोचा, रमाबाईंचा आवाज चढला. “अहो, तो तुम्ही विकलात ना? मी पाच जणींत सांगितलं, आमचे हे संसाराला लागले म्हणून!”

“अगं, दुपारी काकींकडे येऊन जरासा...”

“आणि मला सांगता लायब्ररीत जातो!”

“या पैठण्या मग कोणाच्या?” राजरत्नने शिडीवरून हळूच विचारलं.

रमाबाईंनी पदर सारखा केला. शामराव त्यांच्याकडे वळले. “रमे? लग्नापासून एक धड साडी घेतली नाही म्हणत होतीस ना?”

“नेसलेय कुठे मी अजून!”

निलेशने खाली मान घालून डंबेल उचलले. पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी जिम बंद केली होती, त्यामुळे आईने त्याला तिथेच धारेवर धरलं. उरला टोप. कोणी नाव घेतलं नाही, पण हळूहळू सगळ्यांच्या नजरा चाळीचे सेक्रेटरी हितेंद्र यांच्या गुळगुळीत डोक्यावर जाऊन थांबल्या. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. “ट्रायलला आणला होता.”

सीमा पिशवी धरून मटकन बसली. “आई, तुला नेत होते ना मी! तेव्हा तरी सांगायचंस.”

“त्येंची गुपितां ती. मी कशी सांगू?”

संध्याकाळपर्यंत माळा लख्ख झाला. पिशवीतली लुगडी परत खुंटीवर गेली. मशीनवाले गेले. शेजारून डग्ग्याचा आवाज येत होता आणि रमाबाई त्याच ठेक्यात बोलत होत्या. मालनबाई दार सताड उघडं ठेवून बसल्या होत्या. बऱ्याच वेळात खोकला आला नव्हता.

सीमा चपला घालूनही घुटमळली. बाहेर कोणी नाही असं पाहून तिने पर्समधून भगवा फेटा आणि मोठा काळा गॉगल काढला.

“हे... वर ठेवशील? पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत मी बुलेट चालवणार आहे. दोन महिने शिकतेय. तुझ्या जावयाला सांगू नकोस हां. म्हणेल, या वयात काय थेरं!”

मालनबाईंनी फेट्यावरून हात फिरवला, गॉगल डोळ्यांवर चढवला आणि नुकत्याच पुसलेल्या खिडकीच्या काचेत स्वतःला इकडून तिकडून न्याहाळलं.

“अगो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तिच्यार पाठी बसाक जागा आसता काय?”