सोनं एकोणऐंशीवर कसं गेलं?

"पाटीवर शिकलेलं पोरगं परीक्षेपर्यंत लक्षात ठेवतं, पण पायांनी शिकलेलं मरेपर्यंत विसरत नाही!"

हे वाक्य माझं आहे. संचालकांच्या केबिनमध्ये, त्यांच्या टेबलावर हात आपटून मी ते म्हटलं होतं. आता ते आठवलं की त्याच टेबलावर डोकं आपटावंसं वाटतं.

मी धम्मानंद. लातुरातल्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. तुम्ही लातूरचे नसाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे मास्तर दोनच प्रकारचे असतात. एक होर्डिंगवरचे आणि दुसरे होर्डिंगखालून जाणारे. मी कित्येक वर्षं खालून जात होतो. आमचे फिजिक्सवाले सर औसा रोडवर हाताची घडी घालून एसटीएवढे मोठे उभे आहेत आणि मी त्यांच्या बुटाखालून रोज स्कूटर काढतो! त्याचंही मला काही वाटलं नसतं. पण माझे वडील देवणीला राहतात. बैलबाजाराच्या दिवशी ते चारचौघांत सांगतात, "पोरगा लातुरात मोठा सर हाय." समोरचा लगेच विचारतो, "कंच्या होर्डिंगवर?" मग वडील विषय बदलतात आणि बैलांच्या खांद्यांविषयी बोलू लागतात. त्यांचं ते विषय बदलणं मला फार लागायचं.

तर पालक मेळावा जवळ आला आणि मी केबिनमध्ये घुसलो.

"सर, जिवंत आवर्तसारणी करू!" मी म्हटलं. "मूलद्रव्यं एकशे अठरा. आपली आठवी-नववीची बॅच एकशे वीस पोरांची. एकेक पोरगं म्हणजे एकेक मूलद्रव्य. मैदानावर फक्कीनं चौकटी आखायच्या, चौकटीत अणुअंक लिहायचा आणि ज्याचं त्यानं आपल्या जागी उभं राहायचं. वरून ड्रोन!"

आणि मग ते पायांचं वाक्य म्हटलं.

संचालक शिवमूर्ती सरांनी बराच वेळ पेन चावलं. "जमलं तर पुढचं होर्डिंग तुमचं," ते म्हणाले.

मी तरंगतच बाहेर आलो. मूलद्रव्यांची वाटणीही अशी केली की बघत राहावं! प्रेम नावाचं एक पोरगं आहे, अंगानं काडी, एका जागी ठरत नाही, गुणांत सगळ्यांच्या शेवटी. म्हणून त्याला केला हायड्रोजन. सगळ्यांत हलका! साक्षी दर परीक्षेत पहिली येते. तिला दिलं सोनं. सगळ्यांना चिकटून बसणारा तो कार्बन, कोणात न मिसळणारे राजवायू. दोन पोरं उरली, त्यांना इलेक्ट्रॉन केलं आणि सांगितलं, "मैदानाभोवती गोल पळत राहा. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

आदल्या दिवशी संध्याकाळी रंगीत तालीम झाली. गळ्यात मूलद्रव्याच्या नावाचं कार्ड, पायाशी चौकटीतला आकडा. कौतुकानं मी प्रत्येकाचा फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. माझा घात झाला तो इथं.

घरी पोचून पायातला बूट काढतोय तोच फोन वाजला.

"सर, बसवंत बोलतो, धर्माबादहून. साक्षीचा बाप."

"बोला, बोला! फोटो पाहिला ना? सोनं आहे तुमची लेक!"

"ते सोनं-बिनं ऱ्हाऊ द्या. पोरगी एकोणऐंशीवर कशी गेली?"

"अहो, सोन्याचा अणुअंकच एकोणऐंशी आहे."

"मागल्या महिन्यात पयली होती, सर! एका महिन्यात एकोणऐंशी? काय शिकवून राहिले तुम्ही तिथं?"

"बसवंतराव, हा रँक नाही. अणूच्या पोटात प्रोटॉन किती आहेत त्याचा आकडा आहे तो."

"लातुरात नुसता आकडा नसतो सर, रँकच असती. पयला कोण हाय ते सांगा."

"हायड्रोजन."

"पोराचं नाव सांगा."

"प्रेम."

पलीकडे आवाज चढला. "त्यो औशाचा प्रेम? त्याला पास व्हायची मारामार! वशिला कोणाचा हाय त्याचा?"

"वशिला नाही हो! हायड्रोजन सगळ्यांत हलका असतो, म्हणून तो पहिला."

"हलका म्हणून पयला? मी मिरचीच्या धंद्यात हाय, सर. आमच्यात हलका माल मागं ऱ्हातो!"

मी घाम पुसला. "मग साक्षीला हायड्रोजन देऊ का?"

"म्हंजे सोनं सोडून गॅस घेऊ व्हय? सोनं बी ऱ्हाऊ द्या अन् नंबर बी एक करा. न्हाईतर उद्याच पोरगी नांदेडच्या क्लासला टाकतो. अन् धर्माबादची समदी पोरं संगट घेऊन जातो!"

त्यानंतर फोनला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. एका वडिलांचं म्हणणं, शेजाऱ्याचा पोरगा चांदी आणि आमचा लोखंड, हे आम्ही भावकीत कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि आवर्तसारणीच्या खाली त्या दोन ओळी वेगळ्या काढलेल्या असतात ना? त्यांच्यातल्या एका पोराच्या आईनं रडत विचारलं, "सर, वेटिंग कधी क्लिअर होईल हो?"

मी फोन उशीखाली दाबला आणि वर स्वतः बसलो. माझी बायको पंचशीला दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"लातुरात पोरांच्या पायाशी आकडे लिहून फोटो पाठवलेत?" ती म्हणाली. "अहो, त्यापेक्षा घराला आग लावली असती तर लोक निदान विझवायला आले असते."

सकाळी मैदानावर गेलो तर फाटकाशीच एक म्हातारी डबा घेऊन उभी. प्रेमची आजी, भामाबाई. प्रेमचे आईबाप पुण्याकडे कामाला असतात. ही औशात पिठाची गिरणी चालवते आणि नातवाला वाढवते. तिच्या भुवयांवर अजून पीठ होतं.

"सर, आमच्या घरात कोणी पयलं आलं न्हाई आजपतोर!" तिनं माझे दोन्ही हात धरले. "कालपासून गिरणीवर येईल त्या बाईच्या डब्यात, पिठावर पेढा ठिवू लागले मी!"

"आजी, एक सांगायचं होतं..." मी तोंड उघडलं. उघड्या तोंडात तिनं पेढा घातला.

आता तुम्हीच सांगा, तोंडात पेढा असताना खरं कसं बोलायचं? मला अणुअंक समजावता येतो. भल्याभल्यांना समजावलाय. पण त्या पिठाच्या भुवयांपुढे मला साधा प्रोटॉन आठवेना. मी पेढा गिळला आणि तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

तेवढ्यात शिवमूर्ती सर धापा टाकत आले. त्यांच्यामागे बसवंतराव आणि जीपभर पालक.

"धम्मानंद सर, पोरं गुणांप्रमाणे उभी करा."

"अहो, आवर्तसारणी आहे ती! अणुअंकानंच लागते! किती शास्त्रज्ञांनी आयुष्यं घातली तिच्यापायी!"

"त्या शास्त्रज्ञांची पोरं आपल्याकडे नाहीत," सर दबक्या आवाजात म्हणाले. "यांची आहेत. आणि ड्रोनमधून काय, नुसती डोकी दिसतात. कार्ड कोण वाचतंय? होर्डिंग पाहिजे का नको?"

मी आभाळाकडे पाहिलं. मला देवणीचा बाजार दिसला, वडील दिसले, बैलाचा खांदा दिसला. मी शिट्टी वाजवली.

माझ्या डोळ्यांदेखत रसायनशास्त्र उधळलं हो! सोडियम आणि पोटॅशियम, एकाखाली एक राहणारी सख्खी भावंडं, मैदानाच्या दोन टोकांना गेली. राजवायू नको त्यांच्यात मिसळले. पारा कार्बनच्या जागी उभा राहिला आणि तिथून आईला हात करू लागला. एक नंबरच्या चौकटीत सोनं! साक्षी बिचारी कार्ड सावरत उभी राहिली आणि बसवंतरावांनी पहिल्यांदा मिशीवरून हात फिरवला. इलेक्ट्रॉन तेवढे इमानदारीनं पळत होते.

आणि प्रेम? गुणांत शेवटचा. हायड्रोजनचं कार्ड घेऊन ते पोरगं चालत चालत पार उजव्या टोकाला, एकशे अठराव्या चौकटीत गेलं.

भामाबाई खुर्चीवरून उठली. "सर! माझं लेकरू तिकडं कामून नेऊ लागले? पयला हाय ना त्यो?"

सगळे पालक माझ्याकडे बघायला लागले. म्हातारी डबा घेऊन माझ्याकडेच यायला निघाली. माझ्या तोंडातून जे निघायचं ते निघून गेलं.

"आजी, तो पहिलाच आहे! ही सारणी... ही सारणी उर्दूसारखी वाचायची असते. उजवीकडून!"

म्हातारीचा चेहरा उजळला. "आसं व्हय! माझा बाप निजामाच्या शाळंत आसंच वाचायचा!" आणि ती निवांत बसली.

मीही सुस्कारा सोडला. तो सुस्कारा आणि त्याआधीचं ते उर्दूचं, दोन्ही सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, कारण गळ्यातला माईक चालू होता.

"म्हंजे आमची साक्षी शेवटची?" बसवंतराव गरजले. जीपभर पालक उभे राहिले. कोणीतरी खुर्ची उचलली. मी खाली बसायला जागा शोधत होतो, तेवढ्यात शिवमूर्ती सरांनी माझ्या गळ्यातला माईक ओढला.

"पालकहो! विज्ञानाला दिशा नसते! डावीकडून साक्षी पहिली, उजवीकडून प्रेम पहिला! आमच्याकडे दोन्ही बाजूंनी पहिलेच घडतात!"

टाळ्यांचा कडकडाट! बसवंतराव बसले. फक्त मधल्या पोरांचे पालक बोटांवर हिशेब करत राहिले, की आपलं पोरगं नेमकं कोणत्या दिशेनं वाचायला सांगायचं. वर ड्रोन घोंगावत होता. मी कोपऱ्यात जाऊन भामाबाईचा दुसरा पेढा खाल्ला. गोड लागला नाही.

सरांनी शब्द पाळला. औसा रोडवर, फिजिक्सवाल्यांच्या शेजारी, हाताची घडी घालून मी उभा आहे. "रसायनसम्राट धम्मानंद सर." मागे ते मैदान. आणि ड्रोनचा कॅमेरा इतका भारी निघाला की एकेक कार्ड लख्ख वाचता येतं. एक, सोने! लातुरात केमिस्ट्रीचे जेवढे मास्तर आहेत तेवढे सगळे तिथून जातात. काही जण गाडी थांबवून हसतात. मी आता हेल्मेटची काच खाली ओढून जातो.

मी होर्डिंग उतरवायला सांगणारच होतो, खरंच सांगणार होतो. पण त्याच दिवशी वडील देवणीहून एसटीनं आले. होर्डिंगखाली उभे राहून, मान मागं टाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दिसलास रे बाबा!" आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग कसलं उतरवतो?

परवा बॅचची परीक्षा घेतली. पहिलाच प्रश्न सोपा टाकला होता. अणुअंक एक असलेले मूलद्रव्य कोणते?

पहिला पेपर: सोने. दुसरा: सोने. तिसरा: सोने. साक्षी: सोने, खाली दोन रेघा. पेपरांची चळत संपत आली तरी सोनंच! पायांनी शिकलेली पोरं एक अक्षर विसरली नव्हती! मी लाल पेनानं फुल्या मारायला सुरुवात केली, क्लासच्या खिडकीतून एखाद्या पोरानं पाहून घरी कळवलं असावं, तसा लगेच बसवंतरावांचा फोन आला. "सर, कोणी सांगितलं चूक हाय? होर्डिंगवर फोटो तुमचाच हाय ना?"

फोन ठेवला आणि शेवटचा पेपर उचलला. प्रेमचा. त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: हायड्रोजन.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो! एकशे वीस पोरांत एक तरी! दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला उभं केलं, पाठीवर हात ठेवला.

"प्रेम, बाळा, तुला एकट्याला कसं आलं रे हे?"

"सोपं हाय की, सर," तो म्हणाला. "मी उजवीकडून मोजलं."

त्याला मी पूर्ण गुण दिले. मग लाल पेनाचं टोपण लावलं आणि बाकीच्यांनाही पूर्ण दिले. काय करणार? देवणीच्या बाजारात आता माझे वडील विषय बदलत नाहीत!