पहिल्या पाळीसाठी दिलेली फुलबॅक

आधीच सांगतो, मी कुणाची माफी मागणार नाही! हॉकी मला कळते. मस्कतमध्ये हॉकी कळणारे कितीजण, असं विचाराल तर मी एका हाताची बोटं दाखवीन, आणि त्यातली चार मिटून घेईन!

दर हिवाळ्यात आमच्या हौशी लोकांची लीग असते. शहराच्या चार भागांचे सातासातांचे चार संघ, सामने शुक्रवारी संध्याकाळी. मैदानात प्रत्येक संघात निदान एक बाई हवीच, नाहीतर सहाजणांत खेळा. मोसमाआधी नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो. गेल्या वर्षी तळाला गेलेल्या संघाने आधी निवडायचं, मग बाकीच्यांनी. आपला खेळाडू देऊन दुसऱ्याचा खेळाडू किंवा त्याची पाळी घेता येते, त्याला ट्रेड म्हणायचं. मी अल् खुवैर संघाचा कप्तान.

यंदाचा ड्राफ्ट सीबला, कासमभाईंच्या घरी होता. सीब संघाचे कप्तान तेच आणि तळाला तेच, म्हणून पहिली पाळीही त्यांचीच.

"शेखरभाई, आशुतोष कसा आहे?" बिर्याणी वाढता वाढता त्यांनी काडी टाकली.

बसलेले सगळे फिदीफिदी हसले. झालं होतं असं की, दोन वर्षांपूर्वी मी आमचा गोलकीपर सुफियान सीबला दिला आणि आशुतोष नावाचा फॉरवर्ड घेतला. पहिल्या सामन्याआधीच कंपनीने आशुतोषची बदली केली. कुठे? सलालाला! हजार किलोमीटर!

"तो ट्रेड बरोबरच होता!" मी ओरडलो. "मी खेळाडूचा खेळ बघतो, कंपनीची कुंडली बघत नाही!"

"दादा, एक सामना नाही खेळला तो," रुचिर म्हणाला. हा रुचिर माझ्याच संघातला बरं का! समोर बिर्याणी आली की काही माणसं लगेच तिच्या मिठाला जागतात. "आणि सुफियान त्यांच्या गोलमध्ये भिंतीसारखा उभा आहे. यंदा चुकलास तर कप्तानी सोड."

"सोडतो! सगळ्यांसमोर सांगतो, सोडतो!"

मी उगाच बोललो नव्हतो. यंदा झैन होता. रत्नागिरीहून नुकता आलेला, बौशरच्या एका मॉलमध्ये मोबाइलच्या दुकानात कामाला. शनिवारी सकाळच्या सरावात मी त्याची पेनल्टी कॉर्नरची फ्लिक पाहिली. चेंडू निघाला कधी ते गोलकीपरला जाळी हलल्यावर कळत होतं! आणि मी काय मूर्ख आहे? सगळी चौकशी केली. व्हिसा ताजा. गुडघे ठीक. दुकानाची सलालाला शाखा? नाही! खास फोन करून विचारलं.

"कासमभाई, पहिली पाळी मला द्या. हा रुचिर घ्या."

"हा? याला ठेवून माझी बिर्याणी कशी उरायची?"

"रुचिर आणि पुढच्या वर्षीची आमची पाळी!"

कासमभाईंनी शांतपणे लिंबू पिळलं. "भाई, मला देविकाभाभी द्या."

देविका म्हणजे माझी बायको. आमची फुलबॅक. संघात एक बाई लागते आणि ही घरातच होती, दुसरीकडे शोधायला कशाला जायचं? ती कशी खेळते, मला विचारू नका. मी सेंटर फॉरवर्ड. मागे काय चाललंय ते फॉरवर्डने बघायचं नसतं.

"दिली!" मी म्हणालो.

"यल्ला, खलास! सौदा पक्का!" कासमभाईंनी माझा हात असा धरला की दोघांनी मिळून सोडवला असता तरी सुटला नसता.

तेवढ्यात सगळे माझ्या मागे बघायला लागले. स्वयंपाकघराच्या दारात देविका रायत्याचं भांडं घेऊन उभी होती.

"दादा," रुचिर पुटपुटला, "लोक जुना सोफा देतानासुद्धा घरी विचारतात."

घरी जाताना गाडीत मी एसी वाढवला. म्हणालो, "हे काय, हॉकीपुरतं आहे!"

"हो ना," देविका म्हणाली. "हॉकीपुरतंच."

दुसऱ्या दिवशी माझी जर्सी मशीनबाहेर! "सीबची खेळाडू अल् खुवैरची जर्सी धुणार नाही." सरावाला गाडी सीबला जाणार, मी रुचिरच्या गाडीत बसून रोज आशुतोष ऐकणार. आणि मग नियम आठवून माझी झोप उडाली : आमच्या संघात बाईच उरली नव्हती!

मी लेकीकडे गेलो. सावनी शाळेच्या संघात खेळते.

"बाबा, तू आईला ट्रेड केलं? लाइक, खरंच?"

"अगं, ते डावपेच असतात. तू खेळशील ना?"

"मला पण ट्रेड करणार?"

"छे गं! प्रॉमिस."

"आईला पण प्रॉमिस केला होता ना? लग्नमध्ये?"

पहिलाच सामना सीबशी. सावनी धरून आमचे सहाजण हजर, पहिल्या पाळीला घेतलेल्या झैनचा पत्ता नाही! फोन लावला. मागे एवढा गलका, जणू अर्धं ओमान त्याच्या दुकानात शिरलंय.

"सर, फ्रायडेला माझी ड्युटी असते. फ्रायडेलाच तर मॉल भरतो! कासमचाचांना माहीत आहे, ते बोलले नाहीत?"

मी तसाच कासमभाईंवर धावून गेलो. "तुम्ही सांगितलं नाही!"

"तुम्ही विचारलं कुठे?" ते स्टिकला टेप गुंडाळत म्हणाले. "मला वाटलं, भाईंना तर हॉकी कळते!"

सामना सुरू झाला आणि देविका कशी खेळते ते मी पहिल्यांदा समोरून पाहिलं. झोपलेल्या माणसाच्या हातातून रिमोट काढावा तसा ती माझा चेंडू काढून घेत होती! एकदा मी एकटाच गोलकडे सुटलो. समोर फक्त ती.

"देविका, मी आहे!" मी ओरडलो.

"दिसतंय," ती म्हणाली आणि चेंडू घेऊन गेली.

चार-शून्य. तिथल्या तिथे मतदान झालं. कप्तान रुचिर! सावनीचा हात सगळ्यांत वर होता.

रुचिरने कप्तान झाल्याबरोबर काय करावं? मलाच ट्रेडला काढलं! "कासमभाई, शेखरदादा घ्या. बदल्यात काही नको."

मी छाती काढून उभा राहिलो. काढा म्हटलं मला! अनुभवी सेंटर फॉरवर्ड आहे, शिवाय नवराबायको एकाच संघात, गाडीचा प्रश्न मिटला. माझ्यासारखा माणूस फुकट मिळतोय, कोण सोडेल?

कासमभाईंनी आपल्या फुलबॅककडे पाहिलं. "भाभी, घेऊ?"

देविका शिनगार्ड सोडत होती. तिने मान वर केली नाही.

"नको. घरी एक आहे, तेवढा पुरे."