मास्तरांचा जिना

“सहाच्या आत जिना असा उजळतो, की सुई पडली तरी सापडेल!” मास्तरांनी सकाळीच फोनवर मास्तरीणबाईंना ठणकावून सांगितलं.

सांगणं भागच होतं. अडीच महिन्यांपूर्वी त्याच काळोख्या, बिनखिडकीच्या जिन्यात बाई घसरल्या, गुडघा दुखावला आणि लेकीकडे गेल्या त्या गेल्याच. “उजेड होईल तेव्हाच पायरी चढेन,” असं बजावून! जिन्यातला होल्डर जळालेला, आणि घरमालकाचं ‘उद्या बघतो’ काही संपत नव्हतं. इकडे मास्तर स्वतःच्या हातचं खाऊन इतके थकले होते, की ताट वाढलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटे.

म्हणून त्यांनी शोभेच्या दिव्यांची लांबलचक माळ आणली. कठड्याला बांधायची, घरातल्या प्लगला जोडायची, झालं! अर्ध्या तासाचं काम.

झालंही असतं. पण खालच्या मजल्यावरच्या शिंप्याची मुलगी, चिमणी, तिथे आली. “मास्तरआजोबा, काय करताय?”

चाळीस वर्षं शिकवण्यात घालवलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे उतारावरच्या गाडीला धक्का देणं! मास्तर पायरीवर बसले आणि सुरू झाले. वायर कुठे सोललेली नाही ना, ते आधी बघायचं. खिळे ठोकायचे नाहीत. एका एक्स्टेंशनला दुसरं जोडायचं नाही. वायर दारात चेंगरू द्यायची नाही. आणि माळ चालू ठेवून तिथून हलायचं नाही. चिमणीने सगळं वहीत उतरवून घेतलं. मास्तरांना धन्य धन्य वाटलं.

साधारण दहा मिनिटं.

मग त्यांनी हातोडी उचलली.

“खिळे नाहीत!” चिमणी किंचाळली आणि बापाच्या दुकानातून चिंध्या घेऊन आली. चाळीस चिंध्या, चाळीस गाठी! मास्तरांची कंबर कमानीसारखी वाकली. एवढं करून माळ प्लगपर्यंत पोहोचेना. एक्स्टेंशन लावलं, तेही हातभर कमी पडलं. मास्तरांनी इकडेतिकडे बघत हळूच दुसरं काढलं.

“आजोबा, एकाला एक?”

“नाही गं बाई, चालत नाही,” मास्तर कण्हले. चाळीस गाठी सोडल्या, माळ चार पायऱ्या वर सरकवली, पुन्हा चाळीस गाठी मारल्या. खालच्या चार पायऱ्यांना रस्त्याचा उजेड पुरेसा होता, एवढंच नशीब.

राहिलं दार. ते आपोआप मिटायचं, आणि वायर त्यातूनच बाहेर येत होती. खुर्ची लावून दार अडवावं, तर बाईंची वाट अडणार. “मग तुम्हीच धरा,” चिमणी म्हणाली.

सहाला गाडी आली. जावईबापू गाडी नीट लावून बॅग आणतो म्हणाले. बाई काठी टेकत, लखलखत्या जिन्याची एकेक पायरी निरखत वर आल्या. मास्तरांना पुढे होऊन हात द्यायचा होता, पण चिमणीने वही दाखवली. ते दाराला पाठ लावून पहारेकऱ्यासारखे उभे राहिले.

“अहो, बायको अडीच महिन्यांनी येतेय आणि तुम्ही दाराला चिकटून?”

“नियम आहे.”

“कोणाचा?”

“माझाच,” मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

बाई आत जाऊन बसल्या. “जिना छान केलात हो!” मास्तरांचे डोळे पाणावले. “आता तेवढं दार लावा. गुडघ्याला वारा झोंबतोय.”

दार लावायचं म्हणजे वायर काढायची. वायर काढायची म्हणजे आधी बटण बंद. मास्तरांनी चिमणीकडे पाहिलं. चिमणीने वहीत बघून मान डोलावली. सगळं नियमात! त्यांनी बटण दाबलं.

जिन्यातून आधी “बाबा, दिवे—” असा आवाज आला. मग बॅगेचा. मग बॅगेमागून जावईबापूंचा!

घोटा भोपळ्यासारखा सुजला. तीन आठवडे पायऱ्या उतरायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. आता जावईबापू मास्तरांच्या पलंगावर, मास्तर जमिनीवर. बाईंना अजून फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून तिघांचा स्वयंपाकही मास्तरांकडेच.

दुसऱ्या दिवशी चिमणी वही घेऊन हजर! “आजोबा, बंद करायच्या आधी जिन्यात कोण आहे ते बघायचं, हे तुम्ही शिकवलंच नव्हतं!”

मास्तरांनी हातातला झारा खाली ठेवला.

“राहिलं खरं,” ते म्हणाले. “लिहून घे.”